एप्रिलमधला पॉइंट टेबल कसा वाचायचा?

तूर-हरभरा घरात आलेला, लग्नसराई चालू आणि दुपारी घराबाहेर पडायची सोय नाही. अशा दिवसांत आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात, ऊन उतरल्यावर कृषी केंद्राच्या ओट्यावर काही पोट्टे बसतात आणि इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांची गणितं करतात. तीही प्रीमियर लीगची नाहीत, तिच्या एक पायरी खाली असलेल्या चॅम्पियनशिपची. "यंदा आपण वर जातो का बे?" हा प्रश्न मार्चअखेर सुरू होतो आणि मेपर्यंत रोज नव्यानं विचारला जातो. उत्तर मात्र सगळे एकाच ठिकाणी पाहून देतात, टेबलात नंबर कितवा. तिसरा असला तर झालंच म्हणून समजा. नववा असला तर सोडून द्या.

नंबर पाहून दिलेलं हे उत्तर बरेचदा फसतं. आतापर्यंत काय झालं एवढंच नंबर सांगतो. प्रमोशनचा, म्हणजे वरच्या लीगमध्ये जाण्याचा, अंदाज बांधायचा तर मॅच किती उरल्या, कुणाशी उरल्या आणि समोरच्याला किती गुण गमवावे लागतील, हे पाहावं लागतं. पाचवीच्या वरचं गणित त्यात कुठेही लागत नाही.

ज्यांनी फक्त आयपीएल पाहिली त्यांच्यासाठी आधी थोडं. आयपीएलमध्ये संघ तळाला राहिला तरी पुढच्या वर्षी तो तिथेच खेळतो. इंग्लंडमध्ये तसं चालत नाही. प्रीमियर लीगमध्ये 20 क्लब, त्यातले शेवटचे तीन खाली जातात. चॅम्पियनशिपमध्ये 24 क्लब, त्यातले तीन वर जातात आणि तळाचे तीन आणखी खालच्या लीग वनमध्ये पडतात. प्रत्येक क्लब बाकीच्या 23 क्लबांशी एकदा घरी आणि एकदा त्यांच्या मैदानावर खेळतो, म्हणजे 46 मॅच. पहिले दोन थेट वर. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या चौघांत प्ले-ऑफ, म्हणजे सेमीफायनल आणि फायनल, आणि त्यातून एकच वर. (हे सगळे नियम 2024-25 च्या हंगामाचे.) जिंकलात तर 3 गुण, बरोबरी केलीत तर 1. पूर्वी जिंकल्याचे 2 च मिळायचे, इंग्लंडने 1981 पासून 3 केले. तेव्हापासून बरोबरीवर समाधान मानणारा क्लब वर सरकत नाही. तीन बरोबऱ्या करून जेवढं मिळतं तेवढं दुसरा एका संध्याकाळी घेऊन जातो.

आता गणित. खरा दिवस घेऊ, म्हणजे हवेतलं वाटणार नाही.

21 एप्रिल 2025, ईस्टरनंतरचा सोमवार. 43 मॅच झालेल्या. लीड्स युनायटेड 91 गुण, बर्नली 91, शेफील्ड युनायटेड 86. प्रत्येकाच्या तीन मॅच बाकी. आमच्याकडे त्या आठवड्यात शेफील्डच्या बाजूनं बोलणाऱ्याचं म्हणणं असं होतं: "पाचच पॉइंट मांगं हावोत ना बाप्पा, तीन मॅच बाकी हायेत!" ऐकायला बरं वाटतं. पण करून पाहू. उरलेल्या मॅच गुणिले 3 म्हणजे 9. 86 अधिक 9 म्हणजे 95. ही शेफील्डची कमाल मर्यादा. सगळं जिंकलं तरी याच्या वर जाता येत नाही.

त्या दुपारी लीड्सने स्टोकला 6-0 असं धुतलं आणि 94 वर गेले. तरीही ते सुटले नव्हते, कारण शेफील्ड अजून 95 पर्यंत पोचू शकत होतं. त्यानंतर आपल्याकडच्या रात्री बर्नली विरुद्ध शेफील्ड. आमच्या लीड्सवाल्या पोट्ट्यांनी वर्षभर बर्नलीला शिव्या दिल्या होत्या, आणि त्या रात्री ते बर्नलीच्या प्रत्येक पासवर टाळ्या वाजवत होते. एप्रिलमध्ये दुसऱ्याच्या मॅचमध्येही आपलं काहीतरी अडकलेलं असतं. मॅच बरोबरीत सुटली असती तर शेफील्डची मर्यादा 93 वर आली असती. लीड्स वर गेलं असतं, बर्नली 92 वर लटकून राहिली असती. पण बर्नलीने 2-1 ने मॅच मारली. बर्नली 94, शेफील्ड 86 वरच, मॅच उरल्या दोन, कमाल 92. खेळ खल्लास. एका शिट्टीवर लीड्स आणि बर्नली दोघेही प्रीमियर लीगमध्ये गेले.

हाच हिशेब उलटा केला की आपल्या क्लबला अजून किती हवेत ते निघतं. पाठलाग करणाऱ्याची कमाल मर्यादा काढायची, तीत 1 मिळवायचा आणि आपले आजचे गुण वजा करायचे. उरला तो आकडा आपण मिळवायचा किंवा त्यानं गमवायचा, दोन्ही सारखंच. म्हणून जाणता चाहता आपल्या मॅचइतकीच शेजारच्या क्लबची मॅच पाहतो.

अर्थात कमाल मर्यादा म्हणजे शक्यतेचं कुंपण. सगळ्या मॅच सहसा कुणी जिंकत नाही. खरा अंदाज बांधायचा तर मॅचमागे सरासरी किती गुण येतात ते बघा. जुन्या चाहत्यांचा ठोकताळा आहे की मॅचमागे 2 गुण आले, म्हणजे 46 मॅचमध्ये 92 झाले, की दुसरी जागा मिळते. बराच काळ हे चालून गेलं. दुसऱ्या क्रमांकाच्या क्लबचे गुण बघा: 2018 ला कार्डिफ 90, 2019 ला शेफील्ड युनायटेड 89, 2020 ला वेस्ट ब्रॉम अवघे 83, 2021 ला वॉटफर्ड 91, 2022 ला बोर्नमथ 88, 2023 ला परत शेफील्ड युनायटेड 91. त्यानंतर गाडी एकदम वर चढली. 2024 ला इप्सविच 96 आणि 2025 ला बर्नली तब्बल 100. त्या वर्षी लीड्सचेही 100 च होते. बर्नलीने 46 मॅचमध्ये फक्त 16 गोल खाल्ले आणि तरी विजेतेपद हुकलं, कारण लीड्सचा गोल फरक 65 आणि त्यांचा 53. बिचाऱ्यांनी अजून काय करायचं होतं, सांगा.

म्हणजे ठोकताळा वापरा, पण त्यावर शेत लिहून देऊ नका. 2024 मध्ये लीड्सचे 90 गुण झाले होते आणि ते तिसरे राहिले. त्याच 90 गुणांनी 2018 मध्ये कार्डिफ थेट वर गेलं होतं.

सहाव्या जागेसाठी, म्हणजे प्ले-ऑफच्या दारात पाय ठेवण्यासाठी, मॅचमागे दीड गुण धरा. 46 मॅचचे 69 होतात. 2023 ला संडरलँड 69 वर सहावं आलं, 2024 ला नॉर्विच 73, 2025 ला ब्रिस्टल सिटी 68. समजा तुमचा क्लब 38 मॅचनंतर 55 गुणांवर नववा आहे. 70 गाठायला आठ मॅचमध्ये 15 हवेत: चार विजय, तीन बरोबऱ्या, एक हार. अवघड आहे, पण 'सोडून द्या' म्हणण्याइतकं नाही.

यात एक मोठी फसगत असते, 'एक मॅच हातात आहे' ही. कप स्पर्धेमुळे किंवा पावसामुळे एखाद्या क्लबची मॅच पुढे ढकललेली असते, आणि चाहते ती जिंकलीच असं धरून तीन गुण आधीच मिळवून टाकतात. हा घरात ठेवलेला कापूस आहे. विकलेल्या कापसाचे पैसे खिशात असतात. घरातल्या कापसाला भाव चढेल असं आपण म्हणतो, चढतोही कधी कधी, पण तोवर वजन घटतं, किडे-उंदीर आहेतच, आणि ज्याला उधारी फेडायची आहे त्याला शेवटी मिळेल त्या भावात काढावा लागतो. हातातल्या मॅचचंही असंच. ती बहुतेक वेळा आठवड्याच्या मधल्या रात्री, दमलेल्या पायांनी, तीन दिवसांत दुसरी मॅच म्हणून खेळावी लागते. हिशेबात तिचे तीन कधीच धरू नका. क्लबची जी सरासरी आहे तेवढेच धरा, दीड किंवा पावणेदोन.

उरलेल्या मॅच कुणाशी आहेत, हा पुढचा प्रश्न, आणि इथे तर टेबल सरळसरळ दिशाभूल करतो. "आपल्या शेवटच्या मॅच खालच्यांशी हायेत, कायले टेन्शन घेतं" असं म्हणणारा प्रत्येक ओट्यावर असतो. शेफील्ड युनायटेडचं 2025 मधलं एप्रिल त्याला दाखवावं. 5 तारखेला ऑक्सफर्डकडून हार, 8 ला मिलवॉलकडून घरच्या मैदानावर, 12 ला प्लिमथकडून. लागोपाठ तीन. ऑक्सफर्ड तेव्हा खाली घसरू नये म्हणून झगडत होतं आणि प्लिमथ तर शेवटी लीग वनमध्ये पडलंच. वर जाणाऱ्याला प्रमोशनची आस असते, तळातल्याला मात्र नोकऱ्या, पगार, सगळंच जाण्याची भीती असते, आणि एप्रिलमध्ये भीती जास्त जोरात पळते. त्यामानानं टेबलाच्या मध्यात, ना वर ना खाली अशा जागी अडकलेला क्लब परवडतो. त्याच्या खेळाडूंचं अर्धं लक्ष सुट्टीकडे गेलेलं असतं. हे माझं मत आहे, पण वर्षानुवर्षं बघून झालेलं आहे.

गुण सारखे झाले की गोल डिफरन्स. केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा. नेट रन रेटची आकडेमोड तोंडपाठ असलेल्या आपल्या लोकांना हे समजवायला एक मिनिट लागत नाही. पण त्याचा दणका कसा असतो हे पाहायचं तर 22 जुलै 2020 चा दिवस बघा. कोविडमुळे तो हंगाम जुलैपर्यंत लांबला होता. शेवटची मॅच बाकी, नॉटिंगहॅम फॉरेस्ट प्ले-ऑफच्या जागेत, स्वॉन्झी त्यांच्या 3 गुण मागे, आणि गोल डिफरन्समध्येही पाचने मागे. फॉरेस्टला एक बरोबरी पुरेशी होती. फॉरेस्ट घरच्या मैदानावर स्टोककडून 4-1 ने हरलं. स्वॉन्झीने रेडिंगला त्यांच्या मैदानावर 4-1 ने हरवलं. दोघांचे 70 गुण. फॉरेस्टचा फरक 11 वरून 8 वर उतरला, स्वॉन्झीचा 6 वरून 9 वर गेला. एका गोलाने स्वॉन्झी आत, फॉरेस्ट बाहेर. म्हणून आपला क्लब 3-0 ने पुढे असताना कुणी "आता झालं, मोबाइल ठेव" म्हणालं तर ठेवू नका. चौथा गोल कधी कामी येईल सांगता येत नाही, आणि 0-3 ने हरताना न खाल्लेला चौथा गोलही.

आता प्ले-ऑफ. माझ्या मते हा प्रकार अन्यायाचा आहे, आणि नसता तर अर्ध्याहून जास्त क्लबांचं एप्रिल मेलेलं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या.

1986-87 च्या हंगामापासून इंग्लंडमध्ये तो आहे. 2024-25 मध्ये तो असा होता: तिसरा विरुद्ध सहावा, चौथा विरुद्ध पाचवा. सेमीफायनल दोन-दोन मॅचची, वरच्या क्रमांकाच्या क्लबला दुसरी मॅच घरी, आणि दोन्ही मॅचच्या गोलांची बेरीज. मग फायनल लंडनच्या वेम्बलीवर, एकच मॅच. आयपीएलमध्ये पहिल्या दोघांना हरल्यावर अजून एक संधी मिळते. इथे तिसऱ्याला दुसऱ्या मॅचच्या घरच्या मैदानाखेरीज कसलीही सवलत नाही. 46 मॅचमध्ये कमावलेली आघाडी कोरी पाटी होते. 2025 मध्ये शेफील्ड युनायटेडचे 90 गुण होते, तेही क्लबला 2 गुणांची शिक्षा झाल्यानंतर. संडरलँडचे 76. चौदा गुणांचा फरक. त्यातून संडरलँडने साखळीतल्या शेवटच्या पाचही मॅच हरलेल्या. ओट्यावर त्यांच्या एकुलत्या एक चाहत्याची रोज हुर्यो उडवली जायची. तो बिचारा एवढंच म्हणायचा की चौथी जागा आधीच पक्की झाली आहे, या हारींना किंमत नाही.

सेमीफायनलमध्ये शेफील्डने ब्रिस्टल सिटीला 3-0, 3-0 असं सपाट केलं. संडरलँड कॉव्हेंट्रीविरुद्ध रडतखडत, जादा वेळेतल्या अगदी शेवटच्या क्षणी डॅन बॅलार्डच्या हेडरवर पार झालं. मग 24 मेची फायनल. शेफील्डने पहिला गोल केला. 76 व्या मिनिटाला संडरलँडच्या मायेंडाने बरोबरी साधली आणि भरपाई वेळेत, 95 व्या मिनिटाला, टॉम वॉटसन नावाच्या पोराने संडरलँडला 2-1 ने प्रीमियर लीगमध्ये नेलं. हंगामभर बर्नली-लीड्सच्या मागे लागलेलं शेफील्ड जागच्या जागी राहिलं. म्हणून सांगतो, लागोपाठच्या हारी पाहून प्ले-ऑफचा अंदाज बांधू नका. शेवटच्या पाच-सहा मॅचचा फॉर्म थेट जागेसाठी झगडणाऱ्याचा बघावा. ज्याची प्ले-ऑफची जागा ठरून गेली आहे त्याचा बघून काही कळत नाही. तो खेळाडूंना विश्रांती देत असतो, पिवळी कार्डं टाळत असतो.

एका मॅचसाठी एवढा जीव टाकायचं कारण पैसा. 2025 च्या फायनलच्या वेळी डेलॉइट या हिशेबतपासणी कंपनीचा अंदाज होता की जिंकणाऱ्या क्लबचं उत्पन्न पुढच्या तीन हंगामांत मिळून किमान 20 कोटी पौंडांनी वाढेल. आपल्या रुपयांत दोन हजार कोटींच्या वर. बहुतांश टीव्हीच्या हक्कांतून. आणि वर जाऊन परत पडलात तरी प्रीमियर लीग काही वर्षं 'पॅराशूट' रक्कम देते, म्हणजे आदळू नये म्हणून. त्यातूनच वर सांगितलेली 100 गुणांची भानगड निघते, असं मला वाटतं. वरून पडलेले क्लब मोठ्या खिशानं खाली येतात आणि बाकीच्यांसाठी 92 चा ठोकताळा मोडून टाकतात. 2025 ची बर्नली अशीच आदल्या वर्षी वरून आलेली होती.

वर जाणं म्हणजे टिकणं नव्हे, हेही हिशेबात असू द्या. 2023 ला वर गेलेले बर्नली, शेफील्ड युनायटेड आणि ल्यूटन तिघेही 2024 ला खाली आले. 2024 ला गेलेले लेस्टर, इप्सविच, साउथॅम्प्टन तिघेही 2025 ला खाली. ल्यूटनने तर कॉव्हेंट्रीविरुद्धची 2023 ची फायनल पेनल्टीवर 6-5 ने जिंकली होती; दोन वर्षांनी ते लीग वनमध्ये होते. ओट्यावर यावरून एकदा भांडण झालं: मग वर जाऊन उपयोग काय? लीड्सवाला म्हणाला, "एक वर्ष तर एक वर्ष, लिव्हरपूल आपल्या घरी खेळाले येते ना!" यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

आपल्या देशात ही शिडी अजून अर्धीच लागली आहे. विदर्भात फुटबॉल म्हटलं की कामठी-नागपूरची नावं निघतात, पण तिथल्या क्लबांच्या डोक्यावरही देशाची एकसंध चढती वाट नाही. दुसऱ्या पायरीवरच्या आय-लीगचा विजेता सगळ्यात वरच्या आयएसएलमध्ये जाऊ लागला तो 2022-23 पासून: आधी पंजाबचा क्लब, पुढच्या वर्षी मोहम्मेडन स्पोर्टिंग. 2024-25 पर्यंत आयएसएलमधून खाली मात्र कुणीच गेलं नाही. आणि आपल्याकडे शेवटची शिट्टी वाजली म्हणजे टेबल संपलं असंही नाही. 6 एप्रिल 2025 ला आय-लीग संपली तेव्हा चर्चिल ब्रदर्सचे 40 आणि इंटर काशीचे 39 गुण होते. नामधारी क्लबने अपात्र खेळाडू खेळवल्याचा वाद, त्या मॅचचे 3 गुण कुणाचे, यावर प्रकरण स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापर्यंत गेलं आणि जुलैमध्ये विजेता ठरला इंटर काशी. मैदानावर घाम गाळणाऱ्यांनी वकिलाच्या फोनची वाट बघत तीन महिने काढले.

शेवटच्या दिवसाबद्दल एवढं लक्षात ठेवा. चॅम्पियनशिपच्या शेवटच्या फेरीतल्या 12 ही मॅच एकाच वेळी सुरू होतात, कारण दुसऱ्याचा निकाल आधी कळला तर कुणी सोयीचा खेळ करू शकतो. 1982 च्या वर्ल्ड कपमध्ये पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाने 1-0 असा दोघांना पुरेसा निकाल लागल्यावर उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे फिरवत घालवला आणि अल्जीरिया बाहेर पडलं. त्यानंतर वर्ल्ड कपच्या गटांतल्या शेवटच्या मॅचही एकाच वेळी होऊ लागल्या. मार्चच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडची घड्याळं एक तास पुढे सरकतात, म्हणून थंडीत आपल्याकडे रात्री साडेआठला लागणारी शनिवारची मॅच एप्रिलमध्ये साडेसातला लागते, आणि 2024 आणि 2025 च्या शेवटच्या फेऱ्या तर संध्याकाळी 5 लाच होत्या. 3 मे 2025 ला प्लिमथविरुद्ध लीड्स भरपाई वेळेपर्यंत 1-1 वर होतं, म्हणजे विजेतेपद बर्नलीचं होतं. 91 व्या मिनिटाला सोलोमनने गोल केला आणि ते लीड्सकडे गेलं. त्या दिवशी एका मोबाइलवर आपली मॅच लावा, दुसऱ्यावर बाकीच्या मॅचचे स्कोअर, आणि दोन्ही दुपारी लाइट असतानाच चार्ज करून ठेवा.